गुलबक्षी सायकल

मला सायकल काळी-नारिंगी हवी होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण शुक्रवार पेठेत हल्ली माझ्याबद्दल जे काही बोललं जातं त्यात हा मुद्दा कुणी विचारातच घेत नाही. मी एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. माझ्या सहीशिवाय बोनाफाईड मिळत नाही. असा माणूस स्वतःच्या मनानं गुलबक्षी पेडल, गुलबक्षी मुठी आणि गुलबक्षी मडगार्ड लावून भर बाजारातून जाईल का, एवढाच माझा प्रश्न आहे.

सायकल मुळात काळी. जाड टायरची, गिअरची, डोंगरावर चालवायची. सोलापुरात डोंगर नाही हे मला ठाऊक आहे. तरी शेजारच्या पार्वतम्मांनी ते मुद्दाम येऊन सांगितलं. "डोंगर कुटाय रे मल्लू हितं? उड्डाणपुलावर चढणार हाईस का?" म्हणाल्या, आणि टायर दाबून बघून गेल्या. पार्वतम्मा सगळंच दाबून बघतात.

मला या नादाला लावलं जालिंदरनं. जालिंदर आमच्याच ऑफिसात अकाउंट्सला असतो, पूर्ण विज्ञाननिष्ठ माणूस आहे आणि रविवारी सकाळी मोहोळच्या रस्त्याला जाणाऱ्या सायकल ग्रुपचा प्रमुख आहे. त्याच्या सायकलवर मुठी निळ्या, पेडल निळे, बाटलीचा स्टँड निळा, बुटाच्या नाड्यासुद्धा निळ्या. तो म्हणाला, "मल्लू, सायकल कुणीपण घेतंय. पण सगळं एका रंगात जमवलं की माणूस सिरियस आहे हे लोकांना कळतं." मला लोकांना काहीतरी कळवायचंच होतं. मी नारिंगी रंग नक्की केला.

सायकल घरी आली त्या दिवशी माझे वडील, अप्पा, बोलले. यात विशेष काय, असं तुम्हाला वाटेल. आमची अव्वा, माझी आई, गेल्यापासून अप्पा आपणहून काही बोललेच नव्हते. पूर्वी रोज संध्याकाळी दोघं चालत सिद्धेश्वराच्या देवळात जायची, तळ्याच्या पायरीवर बसायची, येताना भांडत यायची. अव्वा गेली आणि अप्पांनी उंबरा ओलांडणं सोडलं. पुढच्या खोलीतल्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून बसायचे. भाकरी अर्धी खायचे आणि अर्धी झाकून ठेवायचे. कुणासाठी ते आम्ही विचारत नव्हतो. डॉक्टर झाले, पाहुणे झाले, मठातले स्वामीजी येऊन गेले, काही उपयोग झाला नाही. आता हा माणूस असाच बसून संपणार, ही धास्ती मला कायम होती.

तर ते अप्पा काळ्या सायकलकडे बघून म्हणाले, "पूजा केल्याबिगर रस्त्यावर काढू नको."

धनलक्ष्मी, म्हणजे माझी बायको, तेव्हा शाळेत होती. ती शिक्षिका आहे आणि घरातलं देवाधर्माचं तीच बघते. पण अप्पा बोललेत म्हटल्यावर मला दम निघेना. मी स्वतःच हळद-कुंकू काढलं, उदबत्ती लावली, चाकाखाली लिंबू ठेवलं. सायकलची सीट फारच अरुंद आणि टणक होती. माझ्यासारख्या भरल्या अंगाच्या माणसाचा त्यात विचारच केलेला नव्हता. म्हणून अव्वाच्या ट्रंकेतून एक कापड काढून मी सीटवर बांधलं. जरीचा काठ होता, डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता, रंग गुलबक्षी. खाली फरशी ओली होती म्हणून नारळ सीटवरच ठेवला. चार अक्षता टाकल्या. सायकलला हात जोडले.

संध्याकाळी धनलक्ष्मीनं ते बघितलं आणि तिच्या हातातली पर्स खाली पडली.

"अहो, हा अव्वांचा खण आहे."

मग मला आठवलं. मागच्या संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेत, अक्षता सोहळ्याच्या दिवशी घालायचा म्हणून अव्वानं हा खण आधी घेऊन ठेवला होता आणि त्यावर जुळणारं इरकल लुगडं शोधत होती. अव्वाचं मॅचिंग हा आमच्या घरातला मोठा विषय होता. पिशवीत खण घालून ती नवी पेठ, चाटी गल्ली, कोपऱ्यावरचं मॅचिंग सेंटर, सगळं पालथं घालायची. दुकानदार गठ्ठेच्या गठ्ठे उलगडायचे, ही दारात जाऊन उजेडात धरून बघायची आणि "अंगाला हाय, काठाला न्हाय" असं म्हणून परत यायची. कुणी विचारलं की एकच उत्तर, "अजून मॅचिंग मिळालं न्हाय." एके दुपारी ती अशीच बाजारातून आली, पिशवी उशाशी ठेवून आडवी झाली आणि उठलीच नाही. खण तसाच बिनजोडीचा ट्रंकेत राहिला.

"धुऊन ठेवू परत," मी म्हणालो.

खण मी सोडवायला गेलो तर गाठ सुटेना. माझीच गाठ, साधी, पण सुटेना. शेवटी नाद सोडून मी आत गेलो आणि ऑनलाईन नारिंगी मुठी मागवल्या.

मुठी आल्या त्या गुलबक्षी.

आता ऑनलाईनला असं होतं. मी परत पाठवण्याची विनंती केली. त्यांनी फोटो मागितला, मी काढून पाठवला. पलीकडून एक गोड आवाजाची मुलगी म्हणाली, "सर, तुम्हाला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, पण फोटोमध्ये प्रॉडक्ट ऑरेंजच दिसतंय." मी म्हणालो, बाई, माझ्या हातात गुलबक्षी आहे. ती म्हणाली, सर, गुलबक्षी हा पर्याय आमच्याकडे उपलब्धच नाही. मी चिडून स्वतःचा फोटो उघडून बघितला. फोटोत मुठी नारिंगी होत्या. हातात बघितलं, गुलबक्षी. धनलक्ष्मीला दाखवलं. तिनं एकदा फोन बघितला, एकदा मुठी बघितल्या, आणि देवापुढे दिवा लावायला निघून गेली. दुपारचे बारा वाजले होते.

कंपनीनं माझी तक्रार "ग्राहकाचे समाधान झाले" असा शेरा मारून बंद केली. माझं समाधान झालेलं नाही, हे मी त्यांना तीनदा कळवलं. कुणी दखल घेतली नाही.

मग मी पेडल गावातच घ्यायचे ठरवले. महेश्वरच्या सायकल दुकानात गेलो, स्वतःच्या हातानं नारिंगी जोडी निवडली, उन्हात धरून बघितली. महेश्वरनं पेपरात गुंडाळून दिली. घरी येऊन पेपर सोडला तर पेडल गुलबक्षी. तसाच सायकलवरून उलटा गेलो. महेश्वर पेडलकडे बघतच राहिला. "साहेब, मी नारिंगीच दिलो की. तुमीच निवडलासा." मग आवाज खाली आणून म्हणाला, "रंग मात्र लई झ्याक हाय. अशी मशीन मी अजून बघितलो नाही." दुकानातल्या दोघांनी मान डोलावली. पुढे मडगार्डचंही तेच झालं. लोकांना वाटलं मला आवड आहे. माझ्या पाठीमागे काय हसणं झालं असेल त्याची मला कल्पना आहे.

जालिंदरनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भूतबित काही नसतंय मल्लू. तुला रंगांधळेपणा आलाय." मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. ठिपक्याठिपक्यांतले सगळे आकडे मी घडाघडा वाचले. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे, वजन कमी करा. तेव्हा जालिंदरनं प्रयोग करायचा ठरवलं. महेश्वरकडून त्यानं बाटलीचा नारिंगी स्टँड घेतला, तो डोळ्यांपुढे उघडा धरला आणि दुकानापासून आमच्या घरापर्यंत त्यावरची नजर न हलवता चालत आला. वाटेत तो एका केळीच्या गाड्याला धडकला, एका म्हशीला धडकला, पण नजर हलवली नाही. आमच्या उंबऱ्यापर्यंत स्टँड नारिंगी होता. उंबऱ्यावर पाय ठेवताना त्याची पापणी लवली.

तो आतल्या पायरीवर मटकन बसला आणि त्यानं पाणी मागितलं. "याला काहीतरी वैज्ञानिक कारण असणार," असं त्या दिवशी म्हणाला, अजूनही म्हणतो. पण त्या दिवसापासून तो माझ्या सायकलला हात लावत नाही.

यानंतरच्या गोष्टी सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. सायकल मी मागच्या बोळात भिंतीला लावायचो. दुपारी वीज गेलेली असायची, पंखे बंद, गल्लीत चिटपाखरू नाही, पत्रे तापून कडकड वाजायचे, आणि कधीतरी बघावं तर सायकल पुढच्या दाराशी. नेमकी उजव्या बाजूला, जिथं अव्वा भाजी निवडत बसायची. कुणी हलवली म्हणावं तर घरात अप्पा सोडून कुणी नाही आणि अप्पा कॉटवरून उठत नव्हते. चालवायला घेतली की कोपऱ्यावरच्या मॅचिंग सेंटरशी हँडल आपोआप डावीकडे वळायचं. मी जोर लावून सरळ करायचो. एकदा जोर कमी पडला आणि मी थेट दुकानाच्या पायरीवर जाऊन थांबलो. मालकानं मान वर न करता विचारलं, "या अव्वा. कुठला रंग दाखवू?" मग वर बघितलं, मी दिसलो, आणि त्याच्या हातातली कात्री तशीच राहिली. डांबराच्या गोळ्यांचा वास आम्हा दोघांनाही आला. मी नमस्कार करून निघून आलो. दुसरं काय करणार?

आणि मग कॅरिअर आलं. ते मी मागवलंच नव्हतं. डोंगरावरच्या सायकलला कॅरिअर लावणं म्हणजे कोटावर एप्रन बांधणं, असं जालिंदरचं मत आहे आणि मला ते पटतं. पण खोकं माझ्या नावानं आलं. आत गुलबक्षी कॅरिअर, वर मऊ गादी. मी ते माळ्यावर टाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते सायकलला लावलेलं होतं, स्क्रू आवळून. अप्पांच्या जुन्या सायकलवर अव्वा अशीच मागे एका अंगाला बसायची, गादी असेल तरच.

त्या रविवारी मी एकटाच निघालो. घरापासून पेडल जड. चढ नाही, वारा नाही, तरी मला धाप लागली. मी मागे बघितलं नाही, खोटं कशाला सांगू? सिद्धेश्वराच्या देवळाच्या दाराशी आलो आणि सायकल एकदम हलकी झाली. मी तिथंच थांबून राहिलो. थोड्या वेळानं मागची गादी चर्र वाजली. परत येताना पुन्हा तेवढंच वजन.

घरी येऊन मी पार्वतम्मांना बोलावलं. त्यांनी सायकलभोवती एक फेरी मारली, सीट दाबली, गादी दाबली, आणि कपाळावर हात मारला.

"अय्यो मल्लू, काय करून बसलास रे! खण, नारळ, हळद-कुंकू, अक्षता. सायकलची ओटी भरलास की!"

"मी वाहनपूजा केली," मी म्हणालो.

"चंद्रव्वाच्या नावचा खण, तिच्या पोराच्या हातनं. तिनं घेतली मग. मॅचिंग राहिलं होतं बिचारीचं, ते आता करून घ्यायलीय." त्यांनी परत एकदा नजर फिरवली. "मुठी हायत, पेडल हायत, मडगार्ड हाय. घंटी तेवढी राहिली. ती लागली की जोडी पुरी. मग सुखानं जाईल बग."

ज्या गावात दरवर्षी अक्षता सोहळ्यात सिद्धेश्वराच्या काठीचं लग्न भक्तिभावानं लागतं, लाखभर माणूस अक्षता टाकतो, त्या गावात सायकलची ओटी भरली गेली यावर अविश्वास दाखवायला माझ्याकडे तोंड नव्हतं. कॉटवरून अप्पांनी मान वळवली होती. ते पार्वतम्मांकडे टक लावून बघत होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर अप्पा कॉटवर नव्हते. दाराशी सायकलजवळ पाट टाकून बसले होते आणि फडक्यानं आरे पुसत होते. कुणाशी तरी बोलत होते. "काठाला जुळलंय की आता, आणि काय पायजे तुला?" असं काहीसं मी ऐकलं. रात्री त्यांनी पूर्ण भाकरी खाल्ली आणि शेंगाची चटणी मागून घेतली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी सायकल धरली, उंबरा ओलांडला आणि तिच्याबरोबर चालत देवळाला गेले. धनलक्ष्मी खिडकीत उभी राहून रडली. मलाही भरून आलं. मग लक्षात आलं की माझी सायकल गेली. त्यानंतर संध्याकाळी ती मला कधी मिळालीच नाही.

पण धनलक्ष्मीच्या मनाला स्वस्थता नव्हती. "घरात असं अडकवून ठेवायचं नसतं," ती म्हणाली. "घंटी आणून लावा. सुखानं जाऊ देत त्या." मला पटलं. या खेपेला मी आपणहून गुलबक्षी घंटी मागवली. माझ्या आयुष्यातला हा फार मोठा पराभव होता.

घंटी पोचल्याचा मेसेज आला. घंटी आली नाही. अप्पांना विचारलं, ते म्हणाले, "इल्ला, कोण आलं न्हाय." त्या गोड आवाजाच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, सर, पार्सल घरातल्या ज्येष्ठ सदस्यांनी घेतलंय. मी म्हणालो, आमचे ज्येष्ठ सदस्य खोटं बोलत नाहीत, तुमची कंपनी बोलते. ती म्हणाली, सर, तुमचं समाधान झालं का?

आणि त्याच दिवसापासून घरात घंटी वाजायला लागली.

दुपारी, भर उन्हात, टिंग. एकच. सायकलला घंटी नाही, घरात घंटी नाही, तरी टिंग. धनलक्ष्मीच्या हातून दुधाचं पातेलं गेलं. जालिंदर शनिवारी दुपारी फाईल द्यायला आला होता, चहाचा कप तोंडाला लावला आणि टिंग. तो म्हणाला, "याला काहीतरी," आणि वाक्य न संपवता चप्पल तिथंच ठेवून गेला. चप्पल मी सोमवारी पिशवीतून ऑफिसात नेऊन दिली.

मी मनाचा हिय्या केला आणि पुढच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. अप्पा झोपले होते. पंखा बंद. सायकल उंबऱ्याशी, खणाचा काठ उन्हात चमकत होता. अप्पांनी कूस बदलली.

टिंग.

मी हळूच त्यांच्या उशीखाली हात घातला. गोल, गार, गुलबक्षी घंटी, खोक्यातून काढलेली, रुमालात बांधलेली. अप्पांनी डोळे उघडले. त्यांनी माझं मनगट धरलं. त्या हातात एवढी ताकद उरली असेल असं मला वाटलं नव्हतं.

"लावू नको मल्लू."

"अप्पा, जोडी पुरी होऊ दे. अव्वा सुखानं..."

"जाईल की मग ती," अप्पा म्हणाले. "पार्वती म्हणाली न्हवं, पुरी झाली की जाईल. आत्ता तर आलीय. मी कुणासंगं जाऊ मग संध्याकाळी देवळाला?"

माझ्या मागे धनलक्ष्मी येऊन उभी राहिली होती. तिनं पदरानं डोळे पुसले, माझ्या हातातली घंटी घेतली, रुमालात नीट बांधली आणि परत अप्पांच्या उशीखाली सरकवली.

"अहो," ती म्हणाली, "उद्या नारिंगी घंटी आणा."

महेश्वरनं चार नारिंगी घंट्या पुढ्यात टाकल्या. मी एक उचलली आणि हातात उघडी धरून घरी आलो. पापणी लवू नये म्हणून मी कुठलाही प्रयत्न केला नाही, कारण त्याचा उपयोग नसतो हे आता मला माहीत होतं. उंबऱ्याशी थांबलो. दारात अप्पा होते, धनलक्ष्मी होती, पार्वतम्मा तर असणारच. आतापर्यंत या उंबऱ्यानं एकही नारिंगी वस्तू नारिंगी राहू दिलेली नव्हती. मी मनात म्हणालो, अव्वा, तुझी मर्जी. आणि पाय आत टाकला.

घंटी नारिंगीच राहिली.

मी बोटानं घासून बघितली. दारात जाऊन उजेडात धरून बघितली. नारिंगी. अप्पांनी ती माझ्या हातातून घेतली आणि स्वतः हँडलवर बसवली. गुलबक्षी सायकलवर ती इतकी विजोड दिसत होती की जालिंदरला बघवेना. त्यानं मला ग्रुपमधून काढलेलं नाही, पण रविवारी तो मला सगळ्यांच्या मागे ठेवतो. माझी हरकत नाही. मागे तसाही माझा वेग कमीच असतो, वजन असतं.

काल संध्याकाळी मी गॅलरीत उभा होतो. खाली अप्पा देवळाला निघाले होते. पार्वतम्मा ओट्यावर बसल्या होत्या, त्यांनी नेहमीप्रमाणे अडवलं. "व्हय ओ धोंडप्पा, एवढं सगळं झ्याक जुळवलंय, आणि घंटी तेवढी नारिंगी कशाला?"

अप्पा थांबले. हसले. अव्वा गेल्यापासून मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं.

"अजून मॅचिंग मिळालं न्हाय," ते म्हणाले आणि पुढे चालू लागले.

त्यांच्या एका हातात काठी होती. दुसरा हात मागच्या गादीवर होता. हँडल कुणीच धरलेलं नव्हतं. सायकल सरळ चालली होती, अप्पांच्या पावलाबरोबर, सावकाश. मॅचिंग सेंटरच्या कोपऱ्यावर तिचं चाक जरासं डावीकडे वळलं. अप्पा काहीतरी रागावून बोलले. चाक परत सरळ झालं आणि दोघं वळणाआड गेली.